ॲल्युमिनियमच्या बोटीचं भोक वेल्डिंगने बुजवायचंय? मग आधी हे वाचा

ॲल्युमिनियमच्या बोटीला भोक पडलं की पहिली आठवण येते ती वेल्डिंग मशीनची. खरं तर मशीन चालू करायची वेळ येते तेव्हा निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असायला हवं. भोक कशामुळे पडलं, आजूबाजूचा पत्रा किती शाबूत आहे, पत्र्याच्या मागे काय दडलंय आणि धातू किती स्वच्छ झालाय, यावर दुरुस्ती टिकणार की पुढच्या मोसमात पुन्हा पाणी उपसायला लागणार, ते ठरतं. हात सरावाने बसतो. पण कुजलेल्या पत्र्यावर देखणी शिवण घातली तरी ती गळायचीच.

लोखंडावर वेल्डिंग केलेलं असेल तर थोडा फायदा होईल, पण काही सवयी मोडाव्या लागतील. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि बोटीच्या पत्र्याचे मिश्रधातू त्याच्याही जरा आधीच. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर चढतो, तो २,००० अंशांच्या वर जाईपर्यंत दाद देत नाही. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा आतला धातू पातळ झालेला आणि वरचा थर तसाच, अशी अवस्था होते. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या तिपटीने पळवतं आणि तापल्यावर जवळजवळ दुपटीने फुगतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ते लाल होत नाही. लोखंड वितळण्याआधी रंगाने बजावतं. ॲल्युमिनियम राखाडीचं राखाडी राहतं आणि एका क्षणी मोठं भोक पडून मोकळं होतं.

भोक कशामुळे पडलं?

खडकाला किंवा लोखंडी खुंटाला आपटून पडलेलं भोक सगळ्यात सोपं. कडा फाटलेल्या, आत वळलेल्या असतात, पण भोवतालचा पत्रा ठणठणीत असतो. ठोकून सपाट करा, फाटलेला भाग कापा, ठिगळ लावा.

तड्याचं तसं नसतं. तडा बहुधा आतल्या आडव्या पट्टीच्या टोकाशी, बाक जिथे जोडलाय तिथे किंवा मागच्या फळीच्या कोपऱ्यात दिसतो. पत्रा वर्षानुवर्षं लाटांवर वर-खाली वाकत राहिला की धातू थकतो आणि चिरतो. अशा ठिकाणी नुसता तडा भरून भागत नाही. आतली पट्टी तुटलीय का, तिचा जोड सुटलाय का, ते बघावंच लागतं.

तिसरा प्रकार गंजाचा, आणि नवशिक्याची फजिती इथेच होते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. आत बघावं तर पांढऱ्या भुकटीखाली खड्डेच खड्डे. ओल धरून राहिलेलं कार्पेट, तळाशी पडलेला लोखंडी स्क्रू, एखादं नाणं, गळाला लावायचं शिसं, नाहीतर वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेलं लाकूड, यातलं काहीही ओल्या ॲल्युमिनियमला चिकटून राहिलं की पत्रा आतून खाल्ला जातो. एक दाभण घ्या आणि भोकाभोवती हातभर अंतरापर्यंत खड्ड्यांमध्ये दाबून बघा. दाभण आरपार गेलं किंवा पत्रा मऊ लागला तर तिथे खडूने फुली मारा. छोट्या हातोडीने हलकेच ठोकत गेलात तर चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला भाग बद्द वाजतो. खडूच्या फुल्या दहा-पंधरा झाल्या तर एकेक भोक भरत बसू नका, तो सगळा तुकडाच कापून काढायचा आहे. आणि अर्धा तळ फुल्यांनी भरला असेल, तर आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार? तिथे नवीन तळाचा किंवा दुसऱ्या बोटीचाच विचार करावा.

चौथी गळती रिव्हेटची, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांची. ती वेल्डिंगने बुजवू नका. एका रिव्हेटला आच लागली की शेजारचे चार ढिले होतात, जोडातला जुना सीलंट उकळून वर येतो आणि वेल्ड भोकाभोकांचा होतो. ढिला रिव्हेट मागे जड ठोकळा धरून पुन्हा ठोकून बसवावा. तो झिजला असेल तर ड्रिलने काढून, बोटींसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट लावून, नवीन भरीव किंवा बंद तोंडाचा रिव्हेट घालावा.

भोक नक्की कुठे आहे ते सापडत नसेल तर बोट जमिनीपासून उचलून भक्कम टेकूंवर ठेवा आणि आत थोडं पाणी ओता. बाहेरून जिथे थेंब धरेल तिथे खूण करा. पाणी बेताने घाला: चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे अडीचशे किलो वजन होतं. टेकू नुसते दोन टोकांना असतील तर बोट मधे वाकेल.

बोट रिकामी करा

या टप्प्यावर आळस केला तर जीवावर बेतू शकतं, म्हणून जरा थांबून वाचा.

पेट्रोलची टाकी, नळ्या आणि बॅटरी बोटीतून बाहेर काढा, नुसत्या बाजूला सरकवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाच्या खोलगट भागात आणि फळ्यांखाली साचते. तळ साबणाच्या पाण्याने धुऊन, उघडा टाकून, पूर्ण वाळू द्या. मोटर उतरवता आली तर उत्तमच. नाहीतर तिच्या वायर सोडवा. मासे शोधायचं यंत्र, रेडिओ, जे काही इलेक्ट्रॉनिक असेल ते सगळं सोडवायचं.

लहान बोटींमध्ये फळीखाली किंवा बाकाखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही आणि बाहेरून वेल्डिंग करणाऱ्याला तो आठवतही नाही. पॉलियुरेथेन फोम जळला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. भोकापासून सगळ्या बाजूंनी किमान वीतभर, पत्रा जाड असेल तर त्याहून जास्त, फोम कापून काढा. बाकाखालचा हवाबंद कप्पा असेल तर त्याला आधी एक छोटं छिद्र पाडून हवेला वाट द्या. नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि शेवटचा सेंटिमीटर भरताना वितळलेला धातू तोंडावर उडवते. ते छिद्र सगळं थंड झाल्यावर बुजवता येतं.

आणखी एक गोष्ट ठळक अक्षरात लिहावी अशी. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर किंवा तसलं कुठलंही द्रावण या कामात वापरायचं नाही. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झगझगीत ज्योतीच्या, किरणांनी आणि उष्णतेने त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. डब्यावर क्लोरीनयुक्त द्रावणाचं नाव दिसलं तर तो डबा त्या खोलीतही नको. ॲसिटोन वापरा, तेही पूर्ण उडून गेल्यावरच आर्क पेटवा आणि बाटली दूर ठेवा.

ॲल्युमिनियमवरची आर्क लोखंडापेक्षा जास्त भाजते, कारण चकचकीत पत्रा किरण परावर्तित करतो. हनुवटीखालून, गळ्यापाशी, शर्टाच्या बाहीतून किरण आत शिरतात. मुखवट्याला १० ते १२ नंबरची काच, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळा झाकलेला आणि चामड्याचे हातमोजे इतकं हवंच. बोटीच्या आत बसून काम करत असाल तर आर्गॉन हवेपेक्षा जड असतो हे लक्षात ठेवा. तो तळाशी साचतो आणि हवा वर ढकलतो. त्याला वास नाही, रंग नाही. बारीक पंखा लावा, पण झोत थेट आर्कवर येऊ देऊ नका. बाहेर एक माणूस आणि हाताशी अग्निशामक असू द्या. काम संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तिथून हलू नका.

पत्रा कुठला, तार कुठली, मशीन कुठलं

बोटीचा पत्रा बहुतेक ५००० मालिकेतला असतो, म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेला: हलक्या बोटींना ५०५२, मोठ्या वेल्डेड बोटींना ५०८३ किंवा ५०८६. कडेच्या पट्ट्या आणि कणे बऱ्याचदा ६०६१ किंवा ६०६३ चे. हे सगळे वेल्ड होतात. २०२४ आणि ७०७५ हे विमानांच्या कामाचे मिश्रधातू मात्र आर्क वेल्डिंगला तडकतात, म्हणून भंगारातला अनोळखी चकचकीत तुकडा ठिगळाला वापरू नका. मजबूत दिसतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो, आणि थंड होताना शिवणीच्या कडेने बारीक चीर जाते.

भरायच्या तारेबद्दल फार वाद घालण्याची गरज नाही. बोटीसाठी ५३५६ घ्या. ४०४३ ही सिलिकॉनवाली तार सहज वाहते आणि नवशिक्याला आवडते, पण ५०८३, ५०८६ सारख्या मॅग्नेशियम जास्त असलेल्या पत्र्यावर तिचा जोड ठिसूळ होतो. आपला पत्रा कुठला हे ठाऊक नसेल तर ५३५६ हाच कमी धोक्याचा पर्याय.

मशीन टिग की मिग? टिगमध्ये टंगस्टनच्या न वितळणाऱ्या काडीने आर्क पेटते आणि भरायची तार वेगळी घालतात; मिगमध्ये तारच गनमधून आपोआप येत राहते आणि वितळते. तळ १.२ ते २ मिलिमीटरचा असेल, आणि लहान बोटींचा तेवढाच असतो, तर टिग. त्यात आच पायाने कमी-जास्त करता येते आणि तार आपल्या हाताने घालता येते. मिगला वेग आहे, पण पातळ पत्र्यावर नवशिक्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत भोक पाडून देते. तीन मिलिमीटर आणि वरच्या पत्र्याला मिग चांगली. तेव्हा मऊ तार अडकू नये म्हणून गनवरच रीळ असलेली स्पूल गन घ्या आणि गन पुढे ढकलत न्या, ओढू नका. वायू दोन्हीकडे शुद्ध आर्गॉन. लोखंडासाठीचा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला सिलिंडर इथे चालत नाही, शिवण काळी काजळी होते.

बाजारात कमी उष्णतेच्या जस्तमिश्रित कांड्याही मिळतात, गॅसच्या बर्नरवर चारशे अंशांच्या आसपास वितळणाऱ्या. टाचणीएवढ्या भोकाला, गोड्या पाण्यात, त्या चालून जातात. खाऱ्या पाण्यात जस्त आणि ॲल्युमिनियमची जोडी फार दिवस नीट नांदत नाही, आणि मोठ्या भोकाला तर त्या कांड्यांचा नाद करूच नये.

टिगची मांडणी अशी: करंट एसी, सुरुवात हाय फ्रिक्वेन्सीने. निळ्या टोकाचा लँथेनम मिसळलेला टंगस्टन, पातळ पत्र्याला १.६ आणि तीन मिलिमीटरच्या पत्र्याला २.४ मिलिमीटर जाडीचा. आर्गॉन मिनिटाला ७ ते १० लिटर. करंटचा ढोबळ हिशेब दर मिलिमीटर जाडीला ४० ॲम्पियर, म्हणजे १.६ मिलिमीटरला साधारण ६५, तीनला १२०. हा आकडा सुरुवातीचा. पत्रा तापत जातो तसा पाय सैल करत जायचं. इन्व्हर्टर मशीनवर एसी बॅलन्सचं बटण असेल तर टंगस्टन ऋण असण्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. उरलेल्या वेळात, करंट उलट फिरतो तेव्हा, ऑक्साइड फुटून निघतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना जी पांढुरकी, कोरल्यासारखी पट्टी दिसते ती त्याचीच खूण.

अर्थचा क्लॅम्प बोटीच्या उघड्या धातूवर, वेल्डच्या जवळ लावा. ट्रेलरला लावलात तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून जाईल.

साफसफाई

वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो आणि थंड होताना बुडबुडे बनून अडकतो. हा हायड्रोजन येतो ओलावा, तेल, रंग आणि जुन्या ऑक्साइडमध्ये मुरलेल्या पाण्यातून. बाहेरून शिवण छान दिसते, आतून जाळी झालेली असते.

क्रम महत्त्वाचा आहे. भोकाभोवतीचा रंग आधी दोन्ही बाजूंनी खरवडा, निदान चार बोटं रुंद. मग ॲसिटोनने पुसा, चिंधी काळी येणं थांबेपर्यंत. त्यानंतरच स्टेनलेस स्टीलचा ब्रश. आधी ब्रश मारलात तर तेल धातूच्या ओरखड्यांत घुसतं आणि मग ॲसिटोन लावूनही निघत नाही. ब्रश नवा हवा आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवा. लोखंडावर एकदा फिरवलेला ब्रश इथे आणू नका. हाताने, एकाच दिशेने, बेताचा जोर देऊन घासा. ड्रिलला लावलेला तारेचा गोल ब्रश धातू घासण्याऐवजी चोपडा करतो आणि ऑक्साइड आत दाबतो. भरायची तारही ॲसिटोनच्या चिंधीतून ओढून घ्या. ती स्वच्छ दिसते, तरी चिंधीवर काळी रेघ उमटतेच.

घासलेल्या जागेला हात लावू नका आणि त्याच दिवशी वेल्ड करा. रात्र मधे गेली तर ब्रश पुन्हा.

पूर्वी कोणी तिथे एपॉक्सी किंवा सिलिकॉन भरलेलं असेल तर घासून काम भागत नाही, तेवढा पत्रा कापून टाकणं कमी त्रासाचं. घासायला साधा ग्राइंडिंगचा दगड वापरू नका, तो ॲल्युमिनियमने भरतो आणि दगडाचे कण धातूत रुततात. कार्बाइडचा बर (फिरत धातू कोरणारं छोटं दातेरी टोक) किंवा ॲल्युमिनियमसाठीची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) घ्या. ज्या डिस्कवर लोखंड घासलंय ती नको. ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र साचू देणं म्हणजे आगीला निमंत्रण, रेल्वेचे रूळ याच मिश्रणाने जोडतात.

थंड, दमट दिवशी पत्रा हीट गनने कोमट करून ओल उडवा. त्याहून जास्त तापवायची गरज नाही. मॅग्नेशियम जास्त असलेला पत्रा १२० अंशांच्या वर बराच वेळ राहिला तर पुढे खाऱ्या पाण्यात त्याला तडे जाण्याची भीती असते.

आधी भंगारावर

बोटीइतक्याच जाडीच्या तुकड्यांवर सराव करा. आर्क पेटवा, टंगस्टन पत्र्यापासून टंगस्टनच्या जाडीइतकाच लांब ठेवा आणि तार न घालता नुसतं बघत राहा. आधी पत्रा मंद राखाडी असतो. मग आर्कखाली एक ठिपका अचानक ओला झाल्यासारखा चमकतो, आरशासारखा, आणि त्याची कड थरथरते. हाच तो क्षण. आता तारेचं टोक या वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवा, थेंब घ्या, तार मागे घ्या, टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) तारेच्या अर्ध्या जाडीइतका पुढे सरकवा. तार मागे घेताना आर्गॉनच्या छायेतून बाहेर नेऊ नका, नाहीतर तिच्या टोकावर ऑक्साइड धरतो आणि तो पुढच्या थेंबाबरोबर आत जातो. आर्कच्या उष्णतेने तार वितळवून ठिबकवायची नाही, डबक्याने ती वितळवायची.

चमक पसरत गेली आणि डबकं मधे खोलगट व्हायला लागलं तर पत्रा खाली जाणार. पाय सैल करा आणि तार जास्त घाला, तार डबकं थंड करते. टंगस्टन डबक्यात बुडालं तर थांबा, ते घासून नवं टोक काढा. तसंच पुढे रेटलं तर शिवण काळी आणि ठिसूळ होते.

सरावाचा तुकडा मधोमध जोडून व्हाइसमध्ये धरा आणि शिवणीवरून वाकवा. शिवण उघडली आणि आत राखाडी, चरचरीत, बुडबुड्यांचा धातू दिसला तर अजून बोटीला हात लावायचा नाही.

लहान भोक भरणं

तीन-चार मिलिमीटरपर्यंतचं भोक, भोवती चांगला पत्रा असेल तर, थेट भरता येतं. भोकाच्या कडा बरने थोड्या उतरत्या करा, म्हणजे आतला मळ निघतो आणि तारेला बसायला जागा होते. मागून जाड तांब्याची पट्टी घट्ट दाबून धरा, हवं तर सोबत्याला धरायला लावा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वितळलेलं ॲल्युमिनियम त्याला सहसा चिकटत नाही. मात्र आर्क थेट तांब्यावर नेऊ नका, तांबं वेल्डमध्ये मिसळलं तर जोड तडकतो.

आर्क भोकाच्या मधे पेटवायची नाही. कडेच्या शाबूत पत्र्यावर पेटवा, चमक आली की तारेचा थेंब कडेला लावा, जरा बाजूला सरका, दुसरा थेंब. असं गोल फिरत भोक लहान लहान करत न्या आणि शेवटी मधला ठिपका भरा. सोडताना पाय एकदम उचलू नका. करंट हळूहळू उतरवत शेवटचा एक थेंब घाला, म्हणजे खड्डा राहत नाही. या शेवटच्या खड्ड्यातूनच चांदणीच्या आकाराची चीर जाते. टॉर्च आठ-दहा सेकंद तिथेच धरून ठेवा, आर्गॉन वाहू द्या.

भरताना भोक मोठं होत चाललं तर तो पत्रा तुम्हाला सांगतोय की तो पातळ झालाय. भरत सुटू नका, कापून ठिगळ लावा.

तडा

तड्याची टोकं दिसतात त्याच्या पुढे गेलेली असतात. रंग झिरपवून तडा दाखवणारा स्प्रे मिळतो, तो मारून खरी टोकं शोधा आणि प्रत्येक टोकाला तीन मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे वेल्डच्या ताणाने तडा पुढे पळत नाही. स्प्रेचं तेलकट द्रावण नंतर ॲसिटोनने नीट काढा. तड्याची पूर्ण लांबी बरने कोरून चांगला धातू लागेपर्यंत खोल करा. मग छिद्रांकडून मधल्या दिशेने, थोडं थोडं करून भरा आणि छिद्रं शेवटी बुजवा. मागून हात पोचत असेल तर मागची बाजू कोरून तिथेही एक शिवण घाला.

ठिगळ

ठिगळ दोन तऱ्हेचं. कापलेल्या जागेत नेमकं बसणारं, किंवा भोकावर चढवलेलं. चढवलेलं ठिगळ सोपं, कारण कडेला दोन थर असतात आणि पत्रा सहज जळत नाही. पण दोन थरांमध्ये पाणी शिरलं की तिथे आतून गंज चालू होतो, म्हणून ते चहूबाजूंनी बंद करावं लागतं आणि आतून मूळ भोकाच्या कडेलाही शिवण घालावी लागते. माझं मत विचाराल तर पाण्याखालच्या भागाला आत बसणारं ठिगळच लावावं, त्यासाठी सराव दुप्पट करावा लागला तरी.

कापताना कोपरे गोल ठेवा, निदान दोन-अडीच सेंटिमीटर त्रिज्येचे. चौकोनी कोपऱ्यात ताण साचतो आणि तडा तिथूनच निघतो. छोट्या ठिगळाला गोल किंवा लंबगोल आकार सर्वांत बरा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मग पत्रा कापा. जाडी मूळ पत्र्याइतकीच. मजबुतीच्या हौसेने जाड पत्रा घेतला तर पातळ बाजू जळते आणि पुढे कडक ठिगळाच्या काठाशी नवा तडा जातो. पात्याला मेण लावून कापलं असेल तर ते पुसा. फट नखाएवढीही नको. कानस मारत मारत ठिगळ बसवा. मागच्या बाजूच्या दोन्ही कडा कानसने किंचित मारून घ्या, म्हणजे तळाशी ऑक्साइडची घडी अडकत नाही.

सपाट पत्र्यात सपाट ठिगळ वेल्ड केलं की थंड होताना शिवण आकसते आणि भोवतालचा पत्रा वेडावाकडा होतो. त्यावर उपाय म्हणजे ठिगळ वेल्ड करण्याआधी लाकडी हातोड्याने मधे अगदी थोडं फुगवून घ्यायचं. आकसताना तो फुगवटाच ओढला जातो.

आता टॅक, म्हणजे ठिगळ जागेवर धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके, मारा: एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, मग त्यांच्या मधे, दर दोन-अडीच सेंटिमीटरला एक होईपर्यंत. प्रत्येक टॅकनंतर पत्रा समतल आहे का ते बोटाने नव्हे, पट्टीने बघा, बोट भाजेल. पूर्ण शिवण एका दमात फिरवायची नाही. तीनेक सेंटिमीटर घाला, समोरच्या बाजूला जा, तिथे तीन घाला, आणि पत्रा हात टेकवण्याइतका थंड होईपर्यंत बसा. ओली चिंधी टाकून घाई करू नका, पुढच्या टप्प्याला ओल नडते. प्रत्येक टप्प्याआधी ब्रश फिरवा, आणि आधीच्या शिवणीच्या शेवटावर थोडं चढून सुरुवात करा.

५३५६ तारेने शिवणीभोवती काळपट काजळी धरते. ती मॅग्नेशियमची असते, ब्रशने जाते, घाबरायचं कारण नाही. शिवण मात्र चमकदार, सारख्या लहरींची हवी. ती मळकट आणि रवाळ दिसली तर आच जास्त झाली किंवा वायू कमी पडला. टाचणीसारखी छिद्रं असतील तर वरून पुन्हा वितळवून ती बुजत नाहीत, तेवढा भाग कोरून काढा आणि नव्याने भरा.

गळती तपासा

सगळ्यात स्वस्त आणि अचूक चाचणी रॉकेल आणि खडूची. शिवणीच्या बाहेरच्या बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून फासा आणि वाळू द्या. आतून शिवणीवर ब्रशने रॉकेल लावा. पाणी जिथून जात नाही तिथूनही रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. अर्धा तास थांबा. डाग आला तर तिथे खूण करा, पण दुरुस्तीआधी रॉकेलचा मागमूसही राहता कामा नये. पुन्हा ॲसिटोन, पुन्हा ब्रश, तोच क्रम. ही चाचणी आसपास कुठेही आर्क किंवा ठिणगी नसताना करायची, हे वेगळं सांगायला नको.

शिवण घासून पत्र्याशी अगदी सपाट करण्याचा मोह आवरा. पाण्यात अडथळा होतोय असं वाटलं तर वरचे उंचवटे फक्त काढा, थोडा फुगवटा राहू द्या.

रंग लावायचाच असेल तर ॲल्युमिनियमसाठीचा एचिंग प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड धरणारा पहिला थर) किंवा एपॉक्सी प्रायमर आधी. शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून तळाला लावतात ते तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमच्या बोटीला लावू नका. ते तळ खातात. फोम परत भरताना पाणी न शोषणारा, बंद पेशींचा घ्या, आणि फळ्या बदलत असाल तर तांब्याची प्रक्रिया केलेलं लाकूड पत्र्याला लागू देऊ नका, नाहीतर गंजाचं कारण तुम्हीच परत आत ठेवलंत.

मोटर ज्यावर बसते ती मागची फळी, तिचे कोपरे, मुख्य कणा, आणि प्रवासी नेणारी किंवा नोंदणीसाठी तपासणी लागणारी बोट, ही कामं शिकाऊ हाताची नव्हेत. तिथे पात्रतेची परीक्षा दिलेला वेल्डर बोलवा. ६०६१ सारख्या उष्णतेने कडक केलेल्या पट्ट्या वेल्डच्या शेजारी बऱ्याच मऊ पडतात, त्यामुळे शिवण चांगली असूनही तिच्या बाजूला पट्टी वाकते. असा जोड कुठे आणि कसा घ्यायचा हे अनुभवी माणसालाच कळतं.

पहिल्या फेरीला किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात जा आणि शिवणीवर फोम, फळ्या अजून बसवू नका, ती उघडीच ठेवा. चार-पाच फेऱ्यांनंतर शिवणीची कड भिंगातून बघा. ठिगळाच्या काठाने केसासारखी नवी रेघ दिसली तर ती पुन्हा भरायला घेऊ नका. आतली एखादी पट्टी तुटलेली आहे किंवा तिचा जोड सुटलाय आणि पत्रा अजून वाकतोय. आधी ती पट्टी शोधा.